न तुटलेल्या पट्ट्याचा प्रश्न

जी वस्तू अद्याप नीट काम देत आहे ती काढून टाकणे हा विवेक की उधळेपणा? जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट हा प्रश्न तिच्या मालकापुढे उभा करतो. प्रश्न कारागिरीचा वाटतो. त्याचे मूळ मात्र ज्ञानात आणि नीतीत आहे.

इंजिनातील क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी लागते. हा ताल पूर्वी बहुधा साखळी वा दंतचक्रे राखीत. १९६० च्या दशकात जर्मनीतील ग्लास आणि इटलीतील फियाट या कारखान्यांनी त्या जागी रबराचा दातेरी पट्टा आणला. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० बरोबर तो भारतीय मध्यमवर्गाच्या दारी आला. हा पट्टा हलका असतो, त्याला वंगण लागत नाही आणि तो आवाज करीत नाही. परंतु त्याचे मौन हाच त्याचा धोका होय. साखळी सैल झाली की खडखडते, क्लच घसरू लागतो. पट्टा बहुधा काही न सांगताच तुटतो. अनेक इंजिनांत त्या क्षणी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात आणि हेड उतरवण्याची वेळ येते.

म्हणून उत्पादक दुहेरी मर्यादा घालतात : साधारणतः ६०,००० ते १,००,००० किलोमीटर, अथवा ठराविक वर्षे; यांपैकी जे आधी भरेल ते. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होतच असते. ‘आजवर काही झाले नाही’ हा मालकाचा युक्तिवाद येथे तोकडा पडतो. बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात कोंबडीचे उदाहरण दिले आहे. तिला रोज दाणे टाकणारा माणूसच अखेरीस तिची मान पिरगाळतो. आजवरचा अनुभव उद्याची हमी देत नाही.

आपल्या परंपरेत वस्तू झिजेपर्यंत वापरणे हा सद्गुण मानला गेला, आणि तो योग्यच आहे. जुन्या लुगड्याची गोधडी होते. ती विरत जाते, पण कुणाचा घात करीत नाही. हळूहळू जीर्ण होणाऱ्या वस्तूंना काटकसरीचा हा नियम शोभतो. घाटात इंजिन अकस्मात बंद पडले, तर मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही आपल्या काटकसरीची किंमत मोजावी लागू शकते. त्याची संमती कुणी घेतलेली नसते.

तथापि एक अडचण उरतेच. काढलेला पट्टा बहुधा धडधाकट दिसतो आणि आपण फसलो असे मालकाला वाटते. टळलेल्या अपघाताचा पुरावा नसतो; म्हणूनच सावधगिरीच्या नावाखाली भीती विकणाऱ्यांचेही फावते. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि काही इंजिनांत वॉटर पंपही बदलावा, हा सल्ला बहुधा हिताचा असतो. परंतु तो पाळला गेला की नाही, हे झाकणाआड राहते. येथे कारागिराचा शब्द हाच पुरावा ठरतो.

यावर एक साधा उपाय आहे : बदलाची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवणे, आणि गाडी विकताना तो कागद नव्या मालकाच्या हाती देणे. नोंद नसेल, तर तेही त्याला स्पष्ट सांगणे. किल्ली फिरवणाऱ्याला आपण कशावर विसंबून आहोत हे कळले पाहिजे. तो त्याचा अधिकार आहे.