संकल्प कोणाचा?

2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 21.4 टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरताना आढळले. त्यातल्या कित्येकांनी ती सोडूनही पाहिली होती.

मग माणूस सुटतो कोणाच्या बळावर?

गीतेचा सहावा अध्याय सांगतो, आपला उद्धार आपणच करावा. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस मात्र आधी हतबलता कबूल करायला लावते, मग सोबत्यांच्या साथीने फक्त आजचा दिवस सांभाळायला. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांची निकोटिन अनॉनिमसही त्याच वाटेची.

हा विरोध वरवरचा आहे. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात आलेला सोबत्याचा फोन संकल्प हिरावत नाही. तंबाखू मळायला निघालेल्या माणसाला त्याचाच सकाळचा निर्धार ऐकवतो. म्हणून सोडणाऱ्याने पहिल्याच दिवशी सोबती शोधावा आणि त्याच्या तलफेच्या वेळी आपणही फोन उचलावा.