शांत वाटलं म्हणजे देवाचा होकार मिळाला का?



आजच्या वाचनात गीतेच्या पहिल्या अध्यायातले २९ आणि ३० हे श्लोक आले. अर्जुन स्वतःची अवस्था सांगतोय. तोंडाला कोरड, अंगाला कंप, अंगावर काटा, हातातून निसटणारं गांडीव. सोमवारच्या मीटिंगआधी माझं जवळपास हेच होतं (गांडीवाच्या जागी माऊस).

अशा वेळी मी एक साधी गोष्ट करतो. चार आकडे मोजत श्वास घेतो आणि मनात नाम घेत, घेतला त्यापेक्षा सावकाश सोडतो. असं दहा वेळा. यात गूढ काही नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी २३ जणांना कॅथलिक रोझरीची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला.

हे वाचून आधी हिरमुसलो. मग आपल्या नामाचं काय वेगळं? पण याच माहितीने पुढे माझे डोळे उघडले.

झालं असं की एका रिलीजसाठी वेळ नव्हता म्हणून मी एक टेस्ट वगळली आणि कुणाला सांगितलं नाही. रात्री छातीत धडधड. श्वास, नाम, दहा मिनिटांत शांत. मनाने लगेच अर्थ लावला, देव म्हणतोय होईल ठीक. मस्त झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोकांना चुकीची बिलं गेली होती. निस्तरायला टीममधली ज्युनिअर मुलगी रात्री दोनपर्यंत माझ्याबरोबर बसली. चूक कुठे आहे ते तिला सापडेना. मला ठाऊक होतं, तरी मी तासभर गप्प होतो.

आमच्याकडे अलर्ट वाजला की म्यूट करता येतो. बिघाड तसाच राहतो. मी नाम घेऊन तेच केलं होतं. शरीर श्वासाने निवलं, ते कुठल्याही प्रार्थनेने निवलं असतं. त्यावर देवाची सही मीच ठोकून दिली.

माझ्या बऱ्याचशा काळज्या फालतूच असतात, त्यांना दहा श्वास पुरतात. (धडधड रोजचीच असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.) पण काही काळज्या खऱ्या असतात. कृष्णाने अर्जुनाला सावरलं, पण रथ वळवून घरी नाही नेला.

गेल्या आठवड्यात परत तीच धडधड. दहा श्वास झाले, मग स्वतःला विचारलं, कुणाला काही सांगायचं राहिलंय का? राहिलं होतं. रात्री ११.४० ला टीम लीडला मेसेज टाकला. टाकल्यावर धडधड उलट वाढलीच.