बदलीची वेळ

कोल्हापूरच्या खासबागेत काय किंवा बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात काय, एकदा जोड लागून सलामी झडली की निकालापर्यंत त्या मल्लाच्या जागी दुसरा उतरवण्याचा अधिकार खुद्द वस्तादालाही नसतो. त्यामुळे जोड लावणाऱ्यांचे सारे शहाणपण कुस्तीपूर्वीच खर्ची पडते. निपाणीस बहिणीच्या घरी, तंबाखूच्या वासाने भारलेल्या सोप्यात भाच्याशेजारी बसून मी पोकेमॉनचा डाव प्रथमच लक्षपूर्वक पाहिला, तेव्हा हीच विद्या येथे प्रत्येक पाळीला नव्याने पणास लागते हे माझ्या ध्यानी आले.

१९९६ साली जपानात अवतरलेल्या या खेळात पूर्ण फौज म्हणजे सहा जीव. एक आघाडीवर, पाच राखीव. आघाडीच्या जीवाची बदली करता येते. मात्र तीत आपली पाळी खर्च होते, आणि बदलीचा हुकूम वाराआधी अमलात येत असल्याने शत्रूचा तडाखा बहुधा नवागतालाच सोसावा लागतो. म्हणून कुमकेस कोणाला धाडावे हे ठरवताना, जिंकेल कोण यापेक्षा येणारा वार झेलेल कोण, हा विचार आधी करावा लागतो. ग्याराडोस पाण्याचा आणि आकाशाचाही, त्यामुळे पिकाचूची वीज त्याला चौपट भोवते. त्याच्या जागी भूमीतला डगट्रिओ आला, तर तीच वीज निष्प्रभ ठरते. परंतु ही मसलत प्रतिस्पर्ध्याने आधीच ताडली, तर तोही वीज न सोडता पिकाचूला माघारी घेऊन एखादा जलचर पुढे करतो, आणि आपला डगट्रिओ आयताच पेचात सापडतो.

शिवाय लढता लढता कमावलेले वाढीव बळ माघार घेताच बहुतेक वेळा लोपते. त्या कमाईच्या मोहाने लोक हरणारा मोर्चा धरून बसतात. मला ही चूक सर्वांत मानवी वाटते, कारण ती करताना मनुष्य स्वतःस निष्ठावान समजत असतो.

त्या संध्याकाळी भाच्याचा ग्याराडोस मरणासन्न होता, समोर ब्लास्टॉइज उभा होता. "अरे, त्याला मागे घे," मी न राहवून म्हणालो.

"मामा, ह्याला मागं घेतलं तर रायचूला फटका बसतोय की! हा पडला तर रायचू कोरा येतोय."

हिशेब बिनतोड होता. पडलेल्याच्या जागी येणारा वार न सोसता येतो, आणि जलचर ब्लास्टॉइजवर रायचूची वीज दुप्पट चालते. तरीही, ज्याच्या जोरावर येथवर आलो त्याला डोळ्यांदेखत पडू देण्याचा निर्णय दहा वर्षांच्या मुलाने इतक्या शांतपणे घ्यावा, याने मी अस्वस्थ झालो. आखाड्यात चीतपट झालेल्या पठ्ठ्यालाही वस्ताद आधी पाठीवर हात ठेवून उठवतो. भाच्याने ग्याराडोसकडून अखेरचा वार करवला. चपळाईने तो आधी बसला, मग ब्लास्टॉइजचा तडाखा आला, आणि ग्याराडोस कोसळला. रायचूला बोलावण्याआधी मात्र पोराचा अंगठा काचेवर क्षणभर तसाच अधांतरी राहिला.