शेजारचे टेबल

कळस हे आमचे गाव. बारामती आणि इंदापूर ही दोन नावे जोडीला घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही. नुसते ‘कळस’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. आमच्या डोळ्यांपुढे मात्र माळ येतो. इंदापूर तालुक्यातल्या ह्या गवताळ माळांवर अजून चिंकारा दिसतो, मेंढरांचे कळप फिरतात, आणि माणसे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाकांनी बोलतात. अशा मुलखात हळू बोलणे हा गुण नव्हे. त्याचा तिथे उपयोगच नाही. ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ज्यांच्यामुळे कळली त्यांची कथा मला माझ्याच लाजेसकट सांगायची आहे.

१९७४ साली मी एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. पुण्याला चार वर्षे शिकून आलो होतो आणि तिथून दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या: एक पदवी, आणि हलक्या आवाजात बोलण्याची सवय. दुसरीचा अभिमान मला अधिक होता. माझ्या टेबलाला टेबल लावून बारनिशीचे कारकून बसत. वयाने माझ्या दुप्पट, आमच्याच गावाकडचे. सारी कचेरी त्यांना ‘मामा’ म्हणे. म्हणून ते मला ‘भाचेबुवा’ म्हणत.

मामा आलेला प्रत्येक कागद मोठ्याने वाचत. वाचल्याशिवाय त्यांना तो आवक नोंदवहीत घालताच येत नसे. तगाईचा अर्ज, बदलीचा हुकूम, कुणाची भाऊबंदकी, सगळे आमच्या कानांवरून जाई. टपालाच्या तिकिटांचा हिशेबही तोंडाने: “सात नि आठ पंधरा, हातचा एक.” तो त्यांचा हातचा पुष्कळदा माझ्या बेरजेत येऊन बसे. मग तंबाखू मळणे, तिच्यावर दोन टाळ्या, आणि तारखेचा शिक्का असा आदळणे की माझी दौत हादरावी.

मी तीन वर्षे एक अक्षर बोललो नाही. ह्याला मी सहनशीलता म्हणत असे, आणि घरी रोज संध्याकाळी पत्नीला त्या सहनशीलतेचा वृत्तान्त ऐकवीत असे. आज विचार करतो तेव्हा वाटते, ती सहनशीलता कसली? खरा सहन करणारा माणूस विसरतो. माझ्याजवळ तर तारीखवार नोंद होती. मामांची बारनिशी नोंदवहीत होती, माझी मनात. आणि माझ्या नोंदवहीत आवक तेवढी होत होती, जावक कधीच नाही. ज्याच्या खाती आपण रोज एक अपराध मांडतो, त्याला त्या खात्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, आणि वर स्वतःला भला माणूस समजायचे! वाचकहो, तुमच्या घरी वा कचेरीत असे एखादे खाते चालू असेल तर दिवाळीच्या निमित्ताने जरा उघडून पाहा. मी पाहिले नाही.

एके दिवशी मी साहेबांना चार ओळींचा अर्ज केला: ‘शेजारील कर्मचाऱ्याच्या मोठ्याने वाचण्याने कामात व्यत्यय येतो, तरी बैठक बदलून मिळावी.’ बैठक बदलली, पण माझी नव्हे. मामांना बारनिशीसकट मागच्या दप्तरखान्यात जागा मिळाली. तिथे खिडकी नव्हती. मामांनी तांब्या आणि बसायची उशी उचलली आणि म्हणाले, “भाचेबुवा, साहेबांनी तिकडं बसाय सांगितलंय. चहाला येत जावा.”

खोली शांत झाली. बेरजा मात्र पूर्वीइतक्याच चुकू लागल्या. आठवड्याने टेबल सरकवताना मामांच्या टेबलाच्या पायाखाली एक घडी केलेला पुठ्ठा सापडला. शिपायाला विचारले, तर तो हसून म्हणाला, “तुम्ही पाय हलवता नव्हं सारखं? मामांचं अक्षर बिघडायचं. त्यांनीच बसवलाय.” बसल्या जागी पाय हलवण्याची मला सवय आहे हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

शोपेनहाउअर ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याला आवाजाचा भारी तिटकारा. चाबकाच्या फटकाऱ्यांनी विचारांचे तुकडे होतात म्हणून त्याने निबंध लिहिला. आणि १८२१ साली बर्लिनमध्ये, दारासमोर बोलत उभी राहते म्हणून, एका शिवणकाम करणाऱ्या बाईला ढकलून काढले. कोर्टाने त्याला तिच्या हयातीपर्यंत भरपाई भरायला लावली. त्याचे वागणे वाईटच. पण त्या बाईला निदान आपल्यावर कोण आणि कशासाठी रागावले आहे हे ठाऊक होते. मामांना मी तेवढेही दिले नव्हते.

ह्याच्या अगदी उलट चित्र आपल्याकडचे आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एका खोलीत होते. एकशे एक दिवस. दोघेही सव्विशीतले. रात्री त्यांच्या बोलण्याचा आवाज असा चढे की पहाऱ्यावरच्या शिपायांना येऊन सांगावे लागे. पुढे दोघांचे मतभेद विकोपाला गेले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आणि एकमेकांना बोचणारे पुष्कळ लिहिले गेले. त्यांचे भांडण आदर्श होते असे मी म्हणणार नाही. त्यात जखमा झाल्या. पण जे म्हणायचे ते समोर, स्वतःच्या नावानिशी म्हटलेले होते. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. समोरासमोर भांडलेल्या माणसालाच कदाचित असा लेख लिहिण्याचा अधिकार राहत असावा.

अर्थात प्रत्येक खटकणारी गोष्ट बोलून दाखवावी, असेही नाही. मग घरात आणि कचेरीत दुसरे काही बोलणेच उरणार नाही. पुठ्ठा घालून भागत असेल तिथे पुठ्ठा घालावा. मामांनी तेच केले. पण पुठ्ठा घालून झाल्यावर त्यांनी त्याची नोंद ठेवली नाही. वरच्याकडे कागद जाण्यापूर्वी समोरच्याला एक शब्द मिळायला हवा होता. तो देण्याचे मी टाळले, ते त्यांचे मन दुखू नये म्हणून की आपल्याला अवघड बोलावे लागू नये म्हणून, ह्याचे खरे उत्तर मला माहीत आहे.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी दिवाळीला मी कळसला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून, पुष्कळ आढेवेढे घेत, म्हणालो, “मामा, तो अर्ज मीच केला होता.”

“ठावं हाय की,” मामा तंबाखू मळत म्हणाले. “आवक नंबर कुणी घातला त्यावर?”

मला हे कधी सुचलेच नव्हते. साहेबांकडे जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याच हातून जाई.

“तेवढा एक कागद मी मनात वाचला, भाचेबुवा. तुमचं नाव साऱ्या कचेरीनं कशाला ऐकायचं?” मग थोडे थांबून, “मला सांगायचं हुतं. न्हाई वाचलं असतं मोठ्यानं. कुणी सांगितलंच न्हाई कधी.”

मी काय उत्तर देणार? मामी आतून फराळाचे ताट घेऊन आल्या. मामांनी तळहातावर दोन टाळ्या दिल्या, ओसरीच्या कडेला गेले, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या कुणाला तरी, सारा माळ ऐकेल अशा आवाजात, फराळाला या म्हणून हाक घातली.