हिंसा पाहणाऱ्याचा वाटा



महात्मा बसवेश्वरांचे सात निषेधांचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. चोरी, हत्या, असत्य, क्रोध, इतरांविषयीचा तिटकारा, आत्मस्तुती आणि परनिंदा या सात गोष्टी त्यात वर्ज्य सांगितल्या आहेत. यांपैकी हत्येचा निषेध आपण आपल्या हातापुरता समजतो. माझ्या हातून जीव गेला नाही, तर मी वचन पाळले, असे आपल्याला वाटते. परंतु हात स्वच्छ ठेवून रोज रात्री जेवताना दूरदर्शन संचावर दोन-चार खून पाहणाऱ्या भक्ताला हे वचन काय सांगते? आणि ते पाहणे त्याला खटकले, तर त्याने विरोध कोणत्या रीतीने करावा? या अंकात याच प्रश्नाचे चिंतन करावयाचे आहे.

गेल्या वर्षी श्रावणात प्रवचनाच्या निमित्ताने पांढुर्ण्याजवळच्या तिगावात एका शिवभक्ताच्या घरी मुक्काम होता. संध्याकाळची इष्टलिंग पूजा आटोपून आम्ही बाहेरच्या खोलीत आलो, तो घरचा आठ-नऊ वर्षांचा नातू गुन्हेगारीची एक मालिका पाहत बसलेला. पडद्यावर एक माणूस दुसऱ्याला दगडाने ठेचत होता. आजोबांचा पारा चढला. त्यांनी रिमोट हिसकावून भिंतीवर आपटला आणि त्या वाहिनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोरगा रडला नाही. त्याने शांतपणे विचारले, "आबाजी, मागच्या वर्षी तुमीच तं मले खांद्यावर बसवून गोटमार दाखवली ना? तिथचं रक्त तं खरं होतं."

घरात एकदम शांतता झाली. प्रवचनकार म्हणून माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले. मलाही काही बोलता आले नाही.

गोटमार या भागात कोणाला सांगावयास नको. इतर ठिकाणच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जमतात. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. झेंडा मिळविण्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा मारा होतो. एका प्रेमी जोडप्याच्या पळून जाण्याची दंतकथा यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासन दवाखाना, पोलीस, रुग्णवाहिका सारे उभे करते. तरी खेळ थांबत नाही. दगड मारणारे हजार असतील, तर पाहणारे त्यांच्या कितीतरी पट असतात. हे पाहणारे आलेच नाहीत, तर त्या दगडांना जोर किती उरेल? नातवाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. बघ्यांची गर्दी हे हिंसेचे खतपाणी आहे.

दूरदर्शन संचाचेही असेच आहे. मालिका चालते ती पाहणाऱ्यांच्या संख्येवर, आणि त्या संख्येवर जाहिरातीचा पैसा येतो. म्हणून "मी नुसता पाहतो" हे म्हणणे पुरते खरे नाही. पाहणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

मग हिंसा दाखविणारे सारेच वाईट, असे म्हणावे काय? तसे म्हटले तर आपला स्वतःचा इतिहासही मुलांना सांगता येणार नाही. हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलामुलीच्या विवाहामुळे त्या दोघांना हत्तीच्या पायाला बांधून कल्याणच्या रस्त्यांतून ओढत नेले, असे शरणपरंपरा सांगते. ही कथा ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येते. मारणाऱ्याचा रुबाब कोणाला वाटत नाही. भेद येथे आहे. जे दाखविले त्यात मेलेल्याचे दुःख आहे, की मारणाऱ्याचे कौतुक आहे, हे आधी पारखावे.

या पारखण्याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. 1988 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'तमस' ही मालिका सुरू झाली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी ती केली होती, आणि तिच्यात फाळणीच्या वेळच्या दंगलींचे चित्रण होते. त्यामुळे पुन्हा दंगली भडकतील, असे म्हणून एका प्रेक्षकाने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला आणि प्रक्षेपणाला स्थगितीही मिळाली. नंतर न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठविली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही 1988 च्या फेब्रुवारीत मालिकेविरुद्धचा अर्ज फेटाळला. त्या निकालात एका जुन्या कसोटीचा आधार घेतला आहे. एखाद्या कृतीचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावरून मोजू नये, विचारी आणि खंबीर माणसावरून मोजावा, अशी ती कसोटी. ती आली नागपूरच्या उच्च न्यायालयातून, न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या लेखणीतून. आणि त्या काळी आपला छिंदवाडा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, त्याचेच ते न्यायालय.

येथे कोणी विचारील, की आठ वर्षांचे पोर खंबीर मनाचे कसे म्हणावे? प्रश्न बरोबर आहे. मोठ्यांची कसोटी मुलांना लावता येत नाही. 'शक्तिमान' ही मालिका 1997 साली सुरू झाली, तेव्हा मुले त्याची नक्कल करू लागली आणि तसे करू नका असे खुद्द नायकाला पडद्यावरून सांगावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. म्हणूनच केबल दूरदर्शनच्या 1994 च्या नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंसेला चिथावणी देणारा कार्यक्रम दाखवू नये, ही एक. आणि मुलांसाठी अयोग्य असलेले कार्यक्रम, जास्तीत जास्त मुले पाहत असतात अशा वेळी दाखवू नयेत, ही दुसरी. मोठ्यांना सत्य पाहण्याचा अधिकार आहे आणि मुलांना जपले जाण्याचा अधिकार आहे. दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

आता विरोधाची रीत. येथे सात निषेधांतील उरलेले निषेध कामास येतात. हत्येचा निषेध करणाऱ्याने बाकीचे निषेध मोडले, तर वचनाचा एक भाग धरून दुसरा सोडल्यासारखे होते.

असत्य नको. जे पाहिले तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टीवरून किंवा एका प्रसंगावरून बोलू नये. न्यायमूर्तींनी आधी पाहिले आणि मग निकाल दिला, हे ध्यानात ठेवावे. कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके काय दाखविले हे लिहून ठेवावे.

क्रोध नको. संच फोडणे, केबलवाल्याच्या दुकानावर दगड मारणे, कलाकाराला धमकावणे ही गोटमारच झाली. कल्याणातील क्रांतीनंतर बिज्जलाची हत्या झाली. ती कोणी केली यावर चरित्रकारांचे मतभेद आहेत. पण त्यानंतर शरणांची पांगापांग झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. हिंसेने हिंसेचा प्रश्न सुटला नाही.

तिटकारा आणि परनिंदा नको. मालिका लिहिणारा किंवा ती आवडीने पाहणारा शेजारी आपला शत्रू नव्हे. अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली शरणांनी एकमेकांना किती कठोर प्रश्न विचारले! पण प्रश्न विचारताना समोरच्याला त्यांनी मंटपाबाहेर काढले नाही.

आत्मस्तुती नको. आमचे घर तेवढे पवित्र, असा आव आणू नये. लोकांचा वाकडेपणा दुरुस्त करू पाहणाऱ्याला बसवण्णांनी आधी स्वतःच्या देहामनाकडे वळविले आहे.

व्यवहाराची वाट अशी. 2021 साली नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडेच लेखी करावी. तिची पोच चोवीस तासांत आणि निर्णय पंधरा दिवसांत देणे वाहिनीवर बंधनकारक आहे. समाधान झाले नाही, तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. मनोरंजनाच्या वाहिन्यांसाठी अशी परिषद 2011 पासून आहे. त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख समिती असते. न्यायालयाचा मार्गही मोकळा आहे. मुंबईच्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेमुळेच केबलवर केवळ प्रौढांसाठी असलेले चित्रपट दाखविण्यास मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिबंध केला. एकटी व्यक्ती काय करू शकते, असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे.

तिगावच्या आजोबांनी पुढे काय केले, ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर त्यांनी नातवाजवळ बसून "चुकलो" म्हटले. मग दोघांनी मिळून वाहिनीला पत्र लिहिले. वेळ आणि प्रसंग नातवाने सांगितला, अक्षर आजोबांचे. वाहिनीचे दोन ओळींचे उत्तर आले. मालिका बंद झाली नाही. पण त्या घरात जेवणाच्या वेळी संच बंद राहू लागला.

पंधरवड्याने पोळा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकडे माणसांची रीघ लागली, तेव्हा आजोबा निघाले नाहीत. त्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळाही असतो. नातवाच्या लाकडी नंदीला त्यांनी विभूती लावली, त्याच्या दोरीला हात दिला आणि दोघे गावातून घरोघरी फिरले. गोटमार त्या दिवशीही झालीच. पण पाहणारे दोघे कमी होते.

विरोधाची सुरुवात एवढ्या लहान जागी होते, असे मला वाटते. आपले डोळे कोठे लावावेत, हे आधी आपल्याच हातात आहे. ते सावरले की पत्र लिहिणाऱ्या हाताला बळ येते, आणि त्या पत्रातील शब्दाला वजन येते.