अदृश्य हिंसा आणि वैद्याचा अप्रमाद

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीवरील सातवे लेणे आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे मंदिर म्हणून ओळखले जात असले, तरी मुळात ते बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेले विहार होते. मध्ये खांबविरहित मंडप, तीन बाजूंना कोरलेल्या कोठड्या आणि उजेड-वारा आत येण्यास केवळ दर्शनी बाजू, अशा वास्तूत एकाचा खोकला अनेकांच्या श्वासात सहज मिसळणार. त्यामुळे विहारांतून एकत्र राहणाऱ्या संघाच्या नियमांत रोगसंसर्गाला स्थान मिळाले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, या संदर्भात दोन कथा येतात. मगधात पाच रोग बळावले असता फुकट उपचार मिळावेत म्हणून रोगी संघात शिरू लागले, तेव्हा जीवक या वैद्याच्या विनंतीवरून अशा रोग्यांना प्रव्रज्या, म्हणजे संघप्रवेशाची दीक्षा, देऊ नये असा नियम झाला. त्या पाचांत शोष, म्हणजे क्षय, हाही होता. जीवकाची तक्रार संसर्गापेक्षा कामाच्या ओझ्याची होती, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या कथेत, अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या आणि सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या भिक्षूला बुद्ध आपला शिष्य आनंद याच्या मदतीने स्वतः धुतात आणि रोग्याची सेवा हीच आपली सेवा असल्याचे सांगतात. दूर ठेवणे आणि जवळ जाणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच ग्रंथात आहेत, आणि महासाथीतील डॉक्टरला ती दोन्ही एकाच वेळी पाळावी लागतात.

त्यातून उभा राहणारा नैतिक प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, अर्थात कृतीमागील हेतू. म्हणूनच धम्मपदाच्या अट्ठकथेतील, म्हणजे भाष्यातील, चक्खुपाल या अंध स्थविराच्या (ज्येष्ठ भिक्षूच्या) पायाखाली किडे मेले, तरी त्याला दोष लागला नाही. श्वासातून विषाणू सोडणारा डॉक्टरही तो विषाणू पाहू शकत नाही, आणि लक्षणे नसतानाही कोविडचा संसर्ग पसरू शकत असल्याने आपण बाधित आहोत हेही त्याला अनेकदा कळत नाही. मग तोही चक्खुपालासारखाच निर्दोष मानायचा काय? तसे मानता येत नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे त्याला शास्त्राने दाखवलेले असते. विशिष्ट रुग्णाला आपल्यामुळे बाधा होईल हे माहीत नसले, तरी तशी बाधा होऊ शकते हे माहीत असणे पुरेसे ठरते; त्यानंतरची बेफिकिरी हेतूविना घडली तरी ती प्रमाद, म्हणजे असावधपणा, या सदरात जाते.

ज्ञान असणे आणि त्या ज्ञानाने हाताला वळण लावणे यांतील अंतर 1911 मध्ये मांचुरियातील फुप्फुसी प्लेगच्या साथीत दिसले. हा रोग श्वासावाटे पसरतो, असे सांगून वू ल्येन-तेह या डॉक्टरांनी कापूस-जाळीच्या मुखपट्टीचा आग्रह धरला. मेस्नी या फ्रेंच डॉक्टरांनी तो झिडकारून मुखपट्टीविना रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने दगावले. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार पुढच्या रुग्णाच्या जिवापर्यंत पोहोचत नाही. स्थानकवासी जैन साधूंची मुहपत्ती, म्हणजे तोंडावर बांधायची पट्टी, या बाबतीत अधिक सुसंगत म्हणावी लागेल, कारण ती मुळातच बांधणाऱ्याच्या रक्षणासाठी नसून वायुकायिक, म्हणजे वायू हेच शरीर असलेल्या, जीवांना इजा होऊ नये म्हणून असते.

कोविडच्या साथीमुळे मार्च 2020 मध्ये गिरिजात्मजासह महाराष्ट्रातील मंदिरे भाविकांसाठी बंद झाली आणि 16 नोव्हेंबरला उघडली. गर्दी टाळण्यासाठी देवदर्शन थांबवता आले, रुग्णसेवा मात्र थांबवता येत नव्हती. ज्या ग्रामीण रुग्णालयात बदली डॉक्टरच नसतो, तेथे ताप आलेल्या डॉक्टरने घरी थांबावे तर रुग्ण उपचाराविना राहतो आणि कामावर यावे तर तोच रोगवाहक ठरतो. अशा वेळी अप्रमादाची अपेक्षा त्या एकट्याकडून करणे अन्यायाचे आहे, कारण ही अडचण आधीच ठाऊक असूनही जागा रिक्त ठेवणाऱ्यांना चक्खुपालाची सबब मिळत नाही.