मुलगी झाली, दोष कोणाचा?

बाप्तिस्म्याची नोंद करण्यासाठी कुटुंब येते. मुलगी तिसरी असते. आजी हळूच म्हणते, “फादर, हिला मुलगाच होत नाही.” सून मान खाली घालते. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरातही हे वाक्य आमच्या कानी येते आणि सेमिनरीत अभ्यासलेले ग्रंथ आम्हांला आठवतात.

कारण हा समज केवळ अशिक्षितांचा नव्हे. पुरुष बीज देतो आणि स्त्री केवळ शेत, असे आपल्याकडील शास्त्रकार मानीत; ॲरिस्टॉटलचे मतही फारसे निराळे नव्हते. त्याच्याच आधारे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहिले की, बीजशक्तीतील उणिवेमुळे किंवा दक्षिणेच्या दमट वाऱ्यामुळेही मुलगी जन्मत असावी. ईश्वराच्या योजनेत मात्र स्त्री ही उणीव नव्हे, असेही त्यांनी सांगितले, हे नमूद केले पाहिजे.

१८२७ साली फॉन बेअर यांनी कुत्रीच्या शरीरातील स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ‘शेता’चेही स्वतःचे बीज असते, हे उघड झाले. पुढे १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावल्याचे दुःख त्यांच्या शिक्षणामागे होते. त्याच शहराजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीने एका लहानशा किड्यावरून दाखवले की, अपत्याचे लिंग नराच्या बीजातील गुणसूत्रावर ठरते. मनुष्यातही तसेच आहे: आई नेहमी ‘एक्स’ देते, ‘एक्स’ की ‘वाय’ हे पित्याकडून येते. सुनेवरील आरोप असा निराधार ठरला, आणि तो खोडण्यात वाटा एका स्त्रीच्याच बुद्धीचा होता.

मग दोष पित्याचा म्हणावा काय? मुळीच नाही. येथे दोषच नाही. विज्ञान अज्ञान दूर करते, अंतःकरण बदलत नाही. त्याच विज्ञानाच्या गर्भजलपरीक्षेने मुली गर्भातच नाकारल्या गेल्या आणि महाराष्ट्राला १९८८ साली देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आम्हीही निर्दोष नाही. पूर्वी अशा आजीला आम्ही “देवाची इच्छा” म्हणून धीर देत असू. मुलगा झाल्यावर कोणाला धीर दिल्याचे स्मरत नाही. स्त्री व पुरुष दोघेही ईश्वराची प्रतिमा, असा उपदेश करणाऱ्याच्या तोंडी ते सांत्वन शोभणारे नव्हते. आता आम्ही आधी त्या आईचे अभिनंदन करतो आणि मग नोंदवही उघडतो.